तोल मोजायचा तो कशासाठी?

वृद्धाश्रमातील कोण पडेल आणि कोण पडणार नाही याची चाळणी लावत बसू नका. तिथला प्रत्येक जण पडू शकतो असेच धरून चाला. ३९ देशांतील ९६ तज्ज्ञांनी मिळून २०२२ साली वृद्धांच्या पडण्याविषयी जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वृद्धाश्रमांपुरता हा सल्ला अगदी स्पष्ट दिला आहे. तोल मोजण्याच्या पट्ट्या तयार करण्यात आणि त्या पडताळण्यात ज्या शास्त्राने तीस-पस्तीस वर्षे घालवली, त्याच शास्त्राने असे म्हणावे याची आधी थोडी गंमत वाटते. हा सल्ला त्र्यंबकेश्वरासारख्या गावात आणून ठेवला की गंमत संपते आणि पंचाईत सुरू होते. कारण ‘सगळ्यांनाच जपा’ असे सांगणे सोपे. सगळ्यांना जपायला माणसे कुठून आणायची, हे त्या तत्त्वांत लिहिलेले नाही.

त्र्यंबकला म्हातारपण काढायला येणारी माणसे पूर्वीपासून आहेत. ज्योतिर्लिंग, कुशावर्त, निवृत्तिनाथांची समाधी, डोक्यावर ब्रह्मगिरी. शेवटची वर्षे देवाच्या दारी जावीत म्हणून कुणी मठात राहिले, कुणी धर्मशाळेत, कुणी ओळखीच्या गुरुजींच्या वाड्यात. आता त्या इच्छेला वृद्धाश्रमाची सोय जोडली गेली आहे, आणि ज्यांची तशी काही इच्छा नव्हती तेही नाशिक परिसरातल्या वृद्धाश्रमांत येतात: मुले परदेशी, किंवा मूलच नाही, किंवा मुलाच्या दोन खोल्यांत जागा नाही. राज्यात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याने, कलम १९ मध्ये, जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल इतके तरी वृद्धाश्रम उभारण्याची दिशा राज्यांना दिली. खाटा किती, जेवण काय, अनुदान केव्हा, यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. मोरीत पाय घसरून आजी पडल्या तर काय, ही चर्चा बहुधा आजी पडल्यावरच सुरू होते.

आणि हे गाव पडण्याला अनुकूल आहे, हे मान्य करायला हरकत नाही. चार महिने धो धो पाऊस, काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ, उताराच्या गल्ल्या, देवळाच्या आसपास अनवाणी चालण्याचा रिवाज, पहाटेच्या अंधारात थंड पाण्याने अंघोळ आणि ओलेत्याने दर्शनाची ओढ. पावसात वीज गेली की संडासाकडे जाणारी वाट चाचपडत काढायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पडण्यामुळे जगात वर्षाला सुमारे ६,८४,००० माणसे मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याच कारणाचा क्रमांक लागतो, आणि मरणाऱ्यांत सर्वाधिक वाटा वृद्धांचा आहे. घरी राहणाऱ्या पासष्टीपुढच्या लोकांत वर्षाला साधारण तिघांतला एक पडतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतला किमान एक वर्षभरात जातो, असे अनेक देशांतील नोंदी सांगतात. जो राहतो तो बहुतेकदा पूर्वीसारखा चालत नाही.

तेव्हा मोजमाप करावे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. ती वरवरची नाही.

सगळ्यात सुटसुटीत चाचणी १९९१ मध्ये कॅनडातून आली. ‘टाइम्ड अप अँड गो’ असे तिचे नाव. फिजिओथेरपिस्ट मंडळी तिला ‘टग’ म्हणतात. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. लागते काय, तर हाताची खुर्ची, फरशीवर खडूची एक रेघ आणि मोबाइलमधले घड्याळ. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर काळजी घ्या, असे अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. त्याआधी १९८९ मध्ये, तीही कॅनडातच, कॅथरिन बर्ग यांनी १४ कामांची पट्टी केली: आधाराशिवाय उभे राहणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, स्वतःभोवती गिरकी घेणे, एका पायावर उभे राहणे. एकूण गुण ५६. ४५ च्या खाली आले की तोल डळमळीत मानायची पद्धत पडली. अमेरिकेत मेरी टिनेटी यांची चाल आणि तोल तपासणारी पट्टी १९८६ ची. पाय शेजारी, मग अर्धे पुढे-मागे, मग टाचेला चवडा लावून, मग एका पायावर, प्रत्येकी दहा सेकंद, अशी चार पायऱ्यांची चाचणी तर आशासेविकाही शिकून घेईल.

यातून मिळते ते एकाच वेळच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधल्या अंतरातून जास्त. एखाद्या आजींना एप्रिलमध्ये अकरा सेकंद लागत होते आणि जुलैत एकोणीस लागले, तर मधल्या तीन महिन्यांत काहीतरी घडले आहे. नवी गोळी सुरू झाली, गुडघा सुजला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, किंवा जेवण सुटले. ‘हल्ली जरा डगमगतात’ असे नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर सांगितले तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ शकतात. ‘अकराचे एकोणीस झाले’ म्हटल्यावर तसे सोडून देणे अवघड जाते. दुसरा मुद्दा मनुष्यबळाचा. चाळीस निवासी आणि रात्रपाळीला एक मावशी, अशी स्थिती असेल तर तिने कुणाच्या खाटेजवळून दोनदा जायचे, हे कुणीतरी ठरवले पाहिजे. ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजून ठरवावे, यात गैर काय?

गैर काही नाही. फक्त मोजून ठरवलेले अंदाजापेक्षा फार बरे निघत नाही. जर्मनीत हे तपासून झाले आहे. ५८ नर्सिंग होम आणि ११२५ निवासी घेऊन केलेला तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या ठिकाणी परिचारिकांनी दरमहा जोखमीची पट्टी भरली, अर्ध्या ठिकाणी फक्त आपल्या नजरेवर भिस्त ठेवली. वर्षभराने पाहिले तर दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास निवासी पडलेले. पट्टीने फरक पडला नाही. हे अनपेक्षित नव्हे. जिथे जवळपास निम्मे लोक पडणारच आहेत, तिथे ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशा दोन रांगा लावून हाती फारसे लागत नाही. उलट ‘जोखीम कमी’ असा शेरा ज्याच्या कागदावर बसतो त्याच्याकडचे लक्ष उडते. शिवाय तोल जितका वाईट तितके पडणे जास्त, हा सरळ हिशेबही इथे चालत नाही. जो उभाच राहू शकत नाही तो कमी पडतो. उभा राहतो, चालतो, पण डगमगतो, तो सर्वांत जास्त पडतो. हिंडता-फिरता माणूस पडतो तो हिंडतो म्हणून.

परिचारिकेच्या नजरेलाही शास्त्राचा आधार आहे, हे इथे नोंदवले पाहिजे. १९९७ मध्ये स्वीडनच्या काही संशोधकांनी वृद्धनिवासातल्या लोकांबरोबर चालता चालता गप्पा मारल्या. प्रश्न विचारल्यावर काही जण उत्तर द्यायला थांबले. चालणे आणि बोलणे त्यांना एकदम जमेना. पुढच्या सहा महिन्यांत या थांबणाऱ्यांपैकी बहुतेक पडले. या चाचणीला घड्याळही लागत नाही. जेवणघराकडे जाताना मावशीने ‘काय आजोबा, आज निवृत्तिनाथांना जाऊन आलात का?’ असे विचारायचे आणि आजोबा पाय थांबवून बोलतात की चालत चालत, एवढे पाहायचे. अनेक मावशांना हे आधीच ठाऊक असते. त्यांना कुणी विचारत नाही, आणि त्यांच्या ‘हे आता पडणार बघा’ला कागदावर जागा नसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. या चाचण्या खुर्चीच्या आहेत. ‘टग’ची खुर्ची साधारण ४६ सेंटीमीटर उंचीची, हाताची. आपली आजी आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून पोथी ऐकत आली. तिची खाट कधी फार उंच, कधी फार खाली. आणि तिच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठणे, तेही ओल्या फरशीवर, एका हातात पदर आणि निऱ्या सावरत. बर्ग यांच्या १४ कामांत ते काम नाही. ब्राझीलमध्ये जमिनीवर बसून उठण्याची एक चाचणी निघाली. २०१२ मध्ये तिची चर्चा जगभर झाली. पण ती ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवर, पुढील आयुर्मानाचा अंदाज बांधण्यासाठी होती. ऐंशी वर्षांच्या दुबळ्या आजींना ती करायला लावणे म्हणजे पडण्याची जोखीम मोजताना पाडणेच. तेव्हा ‘टग’ला चांगले गुण मिळाले म्हणून संडासात निर्धास्त सोडू नये, इतके तरी भान ठेवावे लागते.

मग पडतात कशामुळे? सहज उत्तर ‘घसरून’ असे येते. कॅनडातल्या दोन वृद्धनिवासांत कॅमेरे लावून २२७ प्रसंग प्रत्यक्ष पाहिले गेले. तो अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सर्वांत मोठे कारण निघाले शरीराचा भार चुकीच्या बाजूला जाणे: वळताना, टेकायला जाताना, नुसते उभे असताना. ते ४१ टक्के. अडखळणे २१ टक्के. घसरणे फक्त ३ टक्के. हा आकडा दाखवून आपल्याकडे कुणी न्हाणीघरात खडबडीत फरशी बसवण्याचे टाळले तर मात्र चूक होईल. ते कॅमेरे जेवणघरात, बैठकीत, वऱ्हांड्यात होते, न्हाणीघरात नव्हते. तिकडच्या कोरड्या, तापवलेल्या इमारतींचा हिशेब श्रावणातल्या त्र्यंबकला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यातले घेण्यासारखे एवढेच, की फरशी कोरडी केली म्हणजे काम संपले असे नाही. वळणे, टेकणे, उठणे यांची ताकद आणि सवय हा वेगळा विषय आहे आणि तो पायांच्या स्नायूंचा आहे.

तोलाच्या पट्ट्यांत न बसणारी कारणे तर आणखी साधी आहेत, आणि आमच्या मते खरे मूल्यमापन तिथे सुरू होते. रात्री झोप लागत नाही म्हणून कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपॅमची गोळी वर्षानुवर्षे चालू असते. रक्तदाबाच्या दोन-दोन, तीन-तीन गोळ्या. सकाळी खाटेवरून उठताच दाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी. पाच मिनिटे आडवे ठेवून दाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचे. रक्तदाबाचे यंत्र जवळपास प्रत्येक वृद्धाश्रमात असते. उभे करून मोजण्याची सवय नसते. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय, झिजलेली अंगठ्याची चप्पल, रात्री तीनदा लागणारी लघवी, पायात येणारे लुगडे. यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येते. बर्ग यांच्या पट्टीतल्या, समजा, ३८ गुणांवर, नुसत्या त्या आकड्यावर, काहीच करता येत नाही.

पडण्याच्या भीतीने जे केले जाते त्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. कागदावर ‘जोखीम जास्त’ असे आले की पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘आजी, उठू नका, आम्ही आहोत ना.’ ते आधी प्रेमाने म्हटले जाते, मग सवयीने, मग दरडावून. कुठे खाटेला दांडे लावतात, कुठे रात्री बाहेरून कडी, कुठे डायपर, म्हणजे उठायलाच नको. बांधून ठेवल्याने पडणे थांबते असा समज अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये इतका रुजला होता, की १९८७ मध्ये तिथे त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे अभ्यास झाले तेव्हा बांधलेल्यांना गंभीर इजा कमी नव्हे, जास्त झालेल्या दिसल्या. अंथरुणात ठेवण्याची किंमत किती लवकर वसूल होते, हे २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगातून दिसले: धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले तर पायांचे जवळपास एक किलो स्नायू घटले. म्हणजे आज पडू नयेत म्हणून बसवले, आणि महिन्याभराने उठल्या की पडतील याची तजवीज करून ठेवली.

व्यवस्थापकाला यात खलनायक करणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्याच्या जागी उभे राहून पाहा. ब्याऐंशी वर्षांच्या आजींना एकादशीला कुशावर्तावर जाऊ दिले आणि त्या पायरीवरून पडल्या, तर १०८ ला फोन, पुढे अस्थिरोगतज्ज्ञासाठी नाशिकपर्यंत तीसेक किलोमीटर, शस्त्रक्रियेचा खर्च, आणि मग सहा महिने न फिरकलेले चिरंजीव दारात उभे: ‘तुम्ही त्यांना जाऊच कसं दिलंत?’ आजींना आठ वर्षे चालते ठेवले, याबद्दल मात्र त्याला कुणी विचारत नाही. या भीतीपोटीच प्रवेश-अर्जावर ‘पडल्यास संस्था जबाबदार नाही’ असे वाक्य येते. त्या वाक्याने संस्थेचे फारसे संरक्षण होत नाही आणि आजींचे तर होतच नाही. पण भीती खरी आहे. ती नाहीशी झाल्याशिवाय ‘त्यांना हिंडू द्या’ हा उपदेश पोकळ राहील.

समाधानाची गोष्ट अशी, की ‘जपणे’ आणि ‘हिंडू देणे’ यांतले एकच निवडावे लागते असे पुरावा म्हणत नाही. इंग्लंडमधल्या ८४ केअर होममध्ये १६५७ निवाशांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कर्मचाऱ्यांना शिकवले आणि प्रत्येक निवाशासाठी कारण आणि उपाय शेजारी शेजारी लिहिलेली एक यादी दिली: हे दिसले तर हे करा. तीन ते सहा महिन्यांच्या टप्प्यात पडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झाले, आणि लोकांचे हिंडणे-फिरणे कमी झाले नाही. ती यादीही मूल्यमापनच आहे. फरक इतकाच, की तिच्या शेवटी गुणांची बेरीज नाही, काम आहे. ऑस्ट्रेलियात १६ निवासांतल्या २२१ लोकांना आठवड्यातून दोनदा ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम दिला, तर पडणे ५५ टक्क्यांनी घटले. तिथे खास यंत्रे होती, देखरेखीला फिजिओ होते, आणि स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेले निवासी त्यात नव्हते. हे विसरून तो आकडा फलकावर लावू नये. पण खुर्ची धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठणे, घोट्याला वाळूची पुरचुंडी बांधून पाय सरळ करणे याला यंत्र लागत नाही. लागतो तो आठवड्यातून दोनदा नेमाने येणारा माणूस.

सर्वांत साधा अभ्यास दुधाचा आहे. ऑस्ट्रेलियातच ६० निवास, ७१९५ निवासी, दोन वर्षे. दूध, दही, चीज वाढवून कॅल्शियम आणि प्रथिने पुरेशी केली, तर एकूण हाडे मोडणे ३३ टक्क्यांनी, खुब्याचे मोडणे ४६ टक्क्यांनी आणि पडणेही ११ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या वृद्धाश्रमांत अन्नदान भरपूर होते. वाढदिवसाला, श्राद्धाला, अधिक महिन्यात लोक येतात आणि बुंदी, जिलेबी, पुरी-भाजी देऊन जातात. मधुमेही आजोबांच्या ताटात तिसरी जिलेबी पडते. देणाऱ्याचा भाव मोठा, यात शंका नाही. पण व्यवस्थापनाने दारातच एक पाटी लावावी की इथे महिन्याचे दूध, ताक, पनीर आणि डाळ स्वीकारली जाते, तर ती पाटी कुठल्याही तोलाच्या पट्टीपेक्षा जास्त हाडे वाचवील, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

तर मग मोजायचे की नाही? मोजायचे, पण रांग लावण्यासाठी नाही. निवासी आल्यावर आठवड्याभरात एकदा आणि पुढे तीन महिन्यांनी ‘टग’ घ्यावी, ती त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी. शेजारच्या खाटेवरच्या आजींशी तुलना करण्यासाठी नाही. खाटेला लाल चिठ्ठी लावू नये. उभ्याने रक्तदाब, गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून ‘यातली कुठली बंद करता येईल?’ असा थेट प्रश्न, डोळे, पाय, रात्रीचा संडास. आणि प्रत्येक पडण्याची एक ओळ वहीत: कुठे, किती वाजता, काय करताना. अशा दहा-वीस ओळी झाल्या की वही आपोआप बोलू लागते. पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान, मोरीच्या उंबऱ्यापाशी, असे पुन्हा पुन्हा आले तर दोष आजींच्या तोलात नसून उंबऱ्यात आणि चाळीस वॅटच्या दिव्यात आहे. तो सुतार आणि वायरमन यांच्याकडून सुटतो.

फिजिओ कुठून आणायचा, याचे उत्तर नाशिककरांनी तरी लांब शोधू नये. राज्यभरातल्या फिजिओथेरपीच्या पदव्या देणाऱ्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयच नाशिकला आहे. विद्यार्थ्यांच्या आंतरवासितेत त्र्यंबक परिसरातल्या वृद्धाश्रमांचा नियमित फेरा बसवणे अशक्य नाही. अट मात्र एक घालावी. प्रबंधासाठी यायचे, तीस आजी-आजोबांना एका पायावर उभे करायचे, आकडे घेऊन जायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाही, असे चालणार नाही. जो मोजेल त्याने निदान सहा महिने व्यायाम घ्यावा. तसेच मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे. २०२४ पासून पासष्टीपुढच्या गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३००० रुपये मिळतात, चांगलेच आहे. पण काठी हाताला आली म्हणजे तोल आला नाही. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी मूठ यावी, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, खालची रबराची टोपी झिजली की बदलावी, हे शिकवणारे कुणी नसेल तर उंच काठी धरून खांदा वर करून चालणाऱ्या आजोबांना ती काठीच एक दिवस पाडते.

एक जागा अशी आहे जिथे यातले काही पुरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी रात्री दोन वाजता उठतात. त्यांना गाय बांधायची असते, किंवा शाळेतून येणाऱ्या मुलाला दार उघडायचे असते. त्यांना सूचना लक्षात राहत नाही, काठी लक्षात राहत नाही, आपण पडू शकतो हेही लक्षात राहत नाही. त्यांची चाचणी घेता येत नाही आणि घेतली तरी तिचा उपयोग नाही. गुंगीची गोळी दिली तर पडणे वाढते. खाट खाली आणणे, शेजारी जाड गादी, पायाशी मंद दिवा, झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा संडासला नेणे, एवढ्याने इजा कमी होते. पडणे पूर्ण थांबत नाही. तिथे उत्तर एकच, रात्रपाळीला दुसरी मावशी. तिचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न आम्ही समाजकल्याण विभागापुढे आणि देवस्थानांच्या विश्वस्तांपुढे ठेवतो. आणि पैशाचाच विषय निघाला आहे, तर सिंहस्थ कुंभमेळ्याचेही बोलू. त्याचे ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ मध्ये आणि त्र्यंबकची अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. घाट, रस्ते, फरसबंदी यांवर मोठा पैसा खर्च होतो आहे. त्यातल्या प्रत्येक नव्या पायरीला कठडा आणि पकड असलेला दगड असावा, ही मागणी भाविकांसाठी जितकी तितकीच गावच्या म्हाताऱ्यांसाठी आहे; मेळा काही महिन्यांत उठेल, पायऱ्या राहतील.

ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांचा निर्णय मात्र त्यांच्याकडेच असावा, असे आमचे मत आहे. कुशावर्ताला जायचे म्हणणाऱ्या आजींना धोका समजावून सांगावा, पावसाचे महिने टाळायला विनवावे, बरोबर माणूस द्यावा, आणि तरीही त्या ‘जाईन’ म्हणाल्या तर ते वहीत लिहून मुलाला त्याच दिवशी कळवावे, पडल्यानंतर नव्हे. प्रवेश-अर्जातले ‘संस्था जबाबदार नाही’ हे वाक्य काढून तिथे दोन रकाने ठेवता येतील. एकात निवाशाने स्वतःच्या हाताने लिहावे की मला कुठपर्यंत चालत जायची इच्छा आहे. दुसऱ्यात संस्थेने लिहावे की त्यासाठी आम्ही काय करू. खाली तिघांच्या सह्या: निवासी, नातलग, व्यवस्थापक.